उन्हाळ्यात लेटिंग एजन्सीत काम करताना: इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसाठी

इंग्लंडमधल्या विद्यापीठांच्या गावांत जून ते सप्टेंबर हा घरं रिकामी होण्याचा आणि पुन्हा भरण्याचा मोसम. जुनी मुलं सामान बांधून निघतात, नवी यायची असतात, आणि मधल्या थोड्याशा दिवसांत साफसफाई, दुरुस्ती, तपासणी सगळं उरकायचं असतं. घरमालकांच्या वतीनं घरं भाड्यानं लावणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या लेटिंग एजन्सींना तेव्हा माणसं कमी पडतात आणि त्या विद्यार्थ्यांना तात्पुरतं कामावर घेतात.

आपली मुलं उन्हाळ्याच्या नोकरीसाठी कॅफे, सुपरमार्केट आणि वेअरहाउस यांच्या पलीकडे सहसा बघत नाहीत. मी एक उन्हाळा लेटिंगच्या कामात घालवला. पगार तिथेही तेवढाच मिळतो, पण एरवी भाडेकरू म्हणून ज्या टेबलासमोर आपण अवघडून बसतो त्याच्या पलीकडे बसायला मिळतं. कोणता आकडा कुठून येतो, कोणती अट खरी आणि कोणती नुसती बोलण्यातली, हे तिथे बसल्यावर कळतं. आणि एक गोष्ट पहिल्या काही दिवसांतच डोक्यात बसते: घराच्या व्यवहारात तोंडी बोलण्याला काडीची किंमत नसते. तारीख, फोटो आणि लेखी ओळ ज्याच्याकडे असते, त्याचंच चालतं.

खालचे सगळे नियम इंग्लंडचे आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे भाड्याचे कायदे वेगळे आहेत. तिकडे असाल तर आकडे जसेच्या तसे उचलू नका.

१. आधी व्हिसा वाचा

पदवीचा अभ्यासक्रम करत असाल तर स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि विद्यापीठाच्या अधिकृत सुट्टीत पूर्णवेळ काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार असा धरला जातो. मागच्या आठवड्यात कमी तास भरले म्हणून या आठवड्यात जास्त, असं चालत नाही. काही अभ्यासक्रमांच्या व्हिसावर १० तासांचीच मर्यादा असते, तेव्हा स्वतःचा व्हिसा उघडून बघा. मित्राचा व्हिसा म्हणजे पुरावा नव्हे.

सगळ्यात जास्त मुलं फसतात ती इथे: एक वर्षाच्या मास्टर्सला उन्हाळा ही सुट्टी नसते. वर्ग संपलेले असले तरी प्रबंधाचं काम सुरू असतं, म्हणून अभ्यासक्रमाची अधिकृत शेवटची तारीख येईपर्यंत २० तासांचीच मर्यादा लागू राहते. आपल्याकडची बहुतेक मुलं मास्टर्सलाच येतात. ‘जून लागला, आता पूर्णवेळ’ असा हिशेब करू नका. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरा सापळा याहून गोड बोलून येतो. काही एजन्सी म्हणतात, ‘तुला नोकरीवर घेत नाही, प्रत्येक घर दाखवण्याचे इतके पैसे देऊ, तू बिल पाठव.’ हे स्वयंरोजगाराचं काम झालं, आणि स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला परवानगी नाही. घरांच्या तपासणीची कामं बऱ्याचदा याच पद्धतीनं दिली जातात. पगाराची स्लिप मिळणार असेल आणि कर एजन्सीकडून कापला जाणार असेल, तरच हो म्हणा.

२. जवळ ठेवायचे कागद

- पासपोर्ट आणि ई-व्हिसाच्या खात्याचं लॉगिन.
- कामाच्या हक्काचा शेअर कोड. हा सरकारी संकेतस्थळावर फुकट तयार होतो आणि डब्ल्यू या अक्षरानं सुरू होतो. घर भाड्यानं घेताना लागणारा कोड वेगळा असतो आणि आर या अक्षरानं सुरू होतो. मुलं हमखास चुकीचा कोड पाठवतात. दोन्ही कोड ९० दिवस चालतात.
- नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, म्हणजे कर आणि सामाजिक विम्याच्या नोंदीसाठीचा इथला वैयक्तिक क्रमांक. तो अजून आला नसेल तर अर्ज करून काम सुरू करता येतं. क्रमांक नाही म्हणून नोकरी नाकारली तर हे सांगा.
- सत्राच्या आणि सुट्टीच्या तारखा असलेलं विद्यापीठाचं पत्र. नोकरी देणाऱ्याला ते तुमच्या फाइलला लावून ठेवावं लागतं.
- इथलं बँक खातं.
- आधीची नोकरी असेल तर तिचा पी-४५, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारा पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. नसेल तर नवीन नोकरीचा छोटा फॉर्म भरून घेतात. त्यातला ‘ही माझी या करवर्षातली पहिलीच नोकरी आहे’ हा पर्याय खरा असेल तर तोच निवडा. नाहीतर पहिल्याच पगारातून नको तेवढा कर कापला जातो.

गाडी चालवण्याचा परवाना असेल तर नोकरी मिळणं सोपं जातं. भारतीय परवान्यावर इथे राहायला आल्यापासून १२ महिने मोटार चालवता येते. मात्र स्वतःची गाडी घेऊन घरं दाखवायला जाणार असाल तर विम्यात कामासाठीचा वापर लिहिलेला हवा. नेहमीच्या विद्यार्थी पॉलिसीत तो नसतो, आणि अपघात झाल्यावर हे कळून काही उपयोग नाही.

३. नोकरी शोधताना विचारायचे प्रश्न

एप्रिल-मे महिन्यांत विद्यापीठाच्या आसपासच्या एजन्सींत प्रत्यक्ष जा. उन्हाळ्याच्या जागांची जाहिरात कित्येकदा निघतच नाही. सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा जा. जेवणाच्या सुट्टीत भाडेकरूंची गर्दी असते आणि तुमचा सीव्ही टेबलावरच राहतो.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. पगार तासावर की कमिशनवर? कमिशन असलं तरी तुमच्या वयाला लागू असलेल्या किमान वेतनाच्या खाली पगार जाता कामा नये, आणि तो दर प्रत्येक एप्रिलला बदलतो. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्याचा वेळ पगारात धरतात का? धरायला हवा. घर दाखवायला एकटं पाठवणार का? रजेचे पैसे कसे देणार? ठरावीक तास नसलेल्या करारावरसुद्धा पगारी रजेचा हक्क असतो.

एजन्सीची परीक्षा घेण्याची एक सोपी खूण आहे. इंग्लंडमधल्या प्रत्येक लेटिंग एजन्सीला तक्रार निवारण योजनेचं सभासद असावंच लागतं, आणि लोकांचे पैसे हाताळत असेल तर १ एप्रिल २०१९ पासून ग्राहकांच्या पैशांचं संरक्षण देणाऱ्या योजनेतही असावं लागतं. ही प्रमाणपत्रं कचेरीत दिसतील अशी लावायची असतात. भिंत कोरी दिसली तर पुढच्या दारात विचारा.

४. पहिला आठवडा: किल्ल्या आणि फोन

सुरुवातीला तुम्हाला घरं दाखवायला कोणी पाठवत नाही. किल्ल्यांचं कपाट सांभाळा आणि फोन उचला, एवढंच काम. कंटाळवाणं वाटतं, पण सगळा धंदा याच दोन ठिकाणी समजतो.

किल्लीच्या जुडग्यावर घराचा पत्ता कधीही लिहायचा नाही. तिथे फक्त सांकेतिक क्रमांक असतो आणि पत्त्यांची यादी वेगळी ठेवलेली असते. किल्ली कोणी, किती वाजता, कशासाठी नेली हे वहीत किंवा संगणकावर नोंदवायचंच. प्लंबर रोजचा ओळखीचा असला तरी सही घ्या. एक जुडगा हरवला तर कुलपं बदलण्याचा खर्च आणि आतल्या पाच मुलांची गैरसोय, दोन्ही तुमच्या नोंदीवर येतात.

फोनवर बोलताना पहिल्यांदा एकच गोष्ट शोधायची: हे घर एजन्सी सांभाळते की तिनं फक्त भाडेकरू शोधून दिला होता? सांभाळत असेल तर दुरुस्ती, भाडं, तपासण्या सगळं आपल्याकडे. नुसता भाडेकरू शोधून दिलेला असेल तर बॉयलर बंद पडल्यावर थेट मालकाला फोन करावा लागतो. निम्मी भांडणं या गोंधळातून उपजतात. स्वतः घर घेतानाही सही करण्याआधी हाच प्रश्न विचारा.

आणखी एक गोष्ट कानांवर सतत पडते. एजन्सीला पैसे देतो तो घरमालक, त्यामुळे ती काम करते तीही त्याच्यासाठीच. काउंटरवरची बाई कितीही गोड बोलली तरी ती तुमची प्रतिनिधी नसते. यात वाईट काही नाही, पण भाडेकरू म्हणून जाताना हे लक्षात असलेलं बरं.

प्रत्येक फोन संपला की दोन ओळी लिहा: कोण, केव्हा, काय म्हणाले, आपण काय कबूल केलं. सप्टेंबरात कोणीतरी म्हणणारच की ‘मला जुलैत सांगितलं होतं.’ तेव्हा तुमच्या त्या दोन ओळी शोधल्या जातात.

५. घर दाखवणं

आत भाडेकरू राहत असतील तर किमान २४ तास आधी लेखी कळवायचं, हा पहिला नियम. परीक्षेच्या दिवसांत मुलं झोपलेली असतात, कपडे पसरलेले असतात. न कळवता दार उघडलं तर शिव्या खायची तयारी ठेवा. त्यात चूक त्यांची नसते.

घर रिकामं असेल तर दहा मिनिटं आधी पोचा. दिवे लावा, पडदे सरकवा, खिडकी उघडा, नळ सोडून बघा, दारातली पत्रं उचला. येणाऱ्यांना पुढे जाऊ द्या. खोलीच्या दारात उभं राहून ‘ही खोली, हे कपाट’ असं समालोचन करू नका. लोकांना डोळे असतात.

नवख्यांकडून हमखास घडतं ते म्हणजे भलतं वचन देणं. ‘मालक भिंत रंगवून देईल ना?’ असं कोणी विचारलं की आपल्याला चांगुलपणा दाखवायचा असतो आणि तोंडातून ‘हो, देईल’ निघून जातं. समोरचा त्या एका वाक्यावर घर घेतो. ‘विचारून संध्याकाळी ईमेल करते’ हे वाक्य पाठ करा आणि खरंच ईमेल करा. घराची माहीत असलेली खोड लपवायचीही नाही. ओल आहे, शेजारी बांधकाम सुरू होणार आहे, हे ठाऊक असेल तर सांगायचं. कायदाही तेच म्हणतो.

एखादा मालक कानात सांगेल, ‘अमुक देशाची मुलं नकोत, त्यांच्या स्वयंपाकाचा वास राहतो.’ असं ऐकून गप्प बसणं आपल्या अंगवळणी पडलेलं असतं, विशेषतः तो वास आपल्याच फोडणीचा असला तर. पण २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टखाली वंशावरून किंवा राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणं बेकायदा आहे, आणि मालकाची अशी सूचना पाळणारी एजन्सीही त्यात अडकते. स्वतः वाद घालू नका. तो निरोप शब्दशः लिहून व्यवस्थापकाकडे द्या.

आता सुरक्षिततेचं. १९८६ मध्ये लंडनमध्ये सूझी लॅम्प्लू ही इस्टेट एजंट एका ग्राहकाला घर दाखवायला म्हणून गेली आणि परत आलीच नाही. तिच्या आईवडिलांनी त्याच वर्षी तिच्या नावानं संस्था काढली, आणि एकट्यानं काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेबद्दल या धंद्यात जे नियम रुजले त्यांचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. ग्राहकाचं नाव, फोन आणि ओळख आधी नोंदवलेली असावी. कुठल्या घरी, किती वाजता परतणार हे कचेरीत लिहिलेलं असावं. घरात शिरताना ग्राहक पुढे, तुम्ही मागे, आणि दाराकडची वाट मोकळी. शंका आली तर फोन आल्याचं निमित्त करून बाहेर पडा. मुलगे म्हणतात ‘मला काय होतंय’, पण नियम त्यांनाही हाच.

दाखवता दाखवता स्वतःसाठी घर बघायलाही शिकाल. मी आता कुठल्याही घरात गेले की गरम पाण्याचा नळ सोडते, कपाटामागच्या भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी शोधते, खिडकीची कडी लावून बघते, फोनला रेंज आहे का ते प्रत्येक खोलीत तपासते. राहत्या मुलांपैकी कोणी भेटलं तर हिवाळ्यातलं गॅसचं बिल विचारते. या एका प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत कधीच नसतं.

६. पैशांचा हिशेब

१ जून २०१९ पासून इंग्लंडमध्ये टेनंट फीज ॲक्ट लागू आहे. अर्ज तपासणी, कागदपत्रं, घराची नोंद, निघतानाची सक्तीची साफसफाई अशा नावांनी भाडेकरूकडून फी घेता येत नाही. घेता येतात त्या मोजक्या गोष्टी: भाडं, अनामत, घर राखून ठेवण्याची रक्कम, तुमच्या विनंतीवरून करार बदलायचा असेल तर साधारणपणे ५० पौंडांपर्यंत, हरवलेल्या किल्लीचा खरा खर्च आणि १४ दिवस किंवा त्याहून जास्त थकलेल्या भाड्यावर मर्यादित व्याज.

आठवड्याचं भाडं काढताना महिन्याच्या भाड्याला चारनं भागू नका. महिन्याचं भाडं गुणिले १२, भागिले ५२. समजा भाडं महिना १,०४० पौंड आहे. वर्षाचे १२,४८० आणि आठवड्याचे २४० पौंड झाले. घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एक आठवड्याचं भाडं, म्हणजे २४० पौंड. अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांची, म्हणजे १,२०० पौंड. वर्षाचं भाडं ५०,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल तरच सहा आठवड्यांची. चारनं भागणारी एजन्सी अनामत १,३०० पौंड सांगेल. हे वरचे शंभर पौंड बेकायदा आहेत.

अनामत मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सरकारमान्य योजनेत नोंदवून त्याची माहिती भाडेकरूला द्यावी लागते. अशा तीन योजना आहेत: डिपॉझिट प्रोटेक्शन सर्व्हिस, मायडिपॉझिट्स आणि टेनन्सी डिपॉझिट स्कीम. नोंदवली नाही तर न्यायालय अनामतीच्या एक ते तीन पट रक्कम भाडेकरूला द्यायला लावू शकतं. कचेरीत या तारखांची यादी करण्याचं काम बहुधा उन्हाळी मुलांकडेच येतं. ते मन लावून करा.

आपल्या मुलांचा जुना त्रास होता आगाऊ भाड्याचा. इथे जामीन राहणारं कोणी नाही, म्हणून सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं भाडं एकदम मागितलं जायचं. रेंटर्स राइट्स ॲक्ट २०२५ नं ते बंद केलं. १ मे २०२६ पासूनच्या नव्या करारांत घरात जाण्याआधी एका महिन्याहून जास्त भाडं मागता येत नाही, आणि जाहिरातीतल्या भाड्यापेक्षा जास्त बोलीही स्वीकारता येत नाही. त्याच दिवसापासून कारण न देता घर खाली करायला लावणारी कलम २१ ची नोटीस गेली आणि ठरावीक मुदतीचे करारही गेले. भाडेकरूला दोन महिन्यांची नोटीस देऊन निघता येतं. मात्र विद्यार्थ्यांच्या सामाईक घरांसाठी नव्या शैक्षणिक वर्षाआधी घर परत मिळवण्याची वेगळी सोय मालकाला दिलेली आहे, आणि मान्यताप्राप्त संहितेखालची विद्यार्थी वसतिगृहं या रचनेच्या बाहेर आहेत. जामीनदार मात्र अजूनही मागता येतो.

एकत्र घर घेताना ‘सगळ्यांची मिळून आणि प्रत्येकाची पूर्ण’ अशी जबाबदारी करारात असते. चौघांपैकी एकजण न सांगता भारतात परत गेला तर त्याचं भाडं उरलेल्या तिघांकडून वसूल होतं. मैत्रीत हा विषय काढायला संकोच वाटतो. तरी सहीच्या आधी काढाच.

७. इन्व्हेंटरी: खरी शाळा

घरातल्या वस्तूंची आणि त्यांच्या अवस्थेची नोंद म्हणजे इन्व्हेंटरी. भाडेकरू येताना एकदा होते, जाताना तिच्याशी ताडून बघतात. अनामतीचा प्रत्येक वाद या दोन कागदांच्या फरकावर ठरतो. या कामावर तुम्हाला पाठवत असतील तर आनंदानं जा, मागून घ्या.

पद्धत अशी. दारातून सुरुवात करायची आणि घड्याळाच्या दिशेनं खोली फिरायची. छत, भिंती, खिडकी, फरशी, मग सामान. प्रत्येक गोष्टीबद्दल दोन वेगळ्या नोंदी: स्थिती आणि स्वच्छता. घासून लख्ख केलेल्या टेबलालाही ओरखडा असू शकतो. ‘ठीक’, ‘चांगलं’ असले शब्द टाळा, ते वादात कोणाच्याच कामाचे नसतात. ‘कार्पेट: खिडकीखाली इस्त्रीचा तपकिरी डाग, तळहाताएवढा’ असं लिहा. आधी पूर्ण खोलीचा फोटो, मग डागाचा जवळून. ओव्हन उघडून आतला फोटो घ्या, फ्रीजच्या रबराच्या खाचेतला घ्या, गादी उलटून दोन्ही बाजूंचे घ्या. वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडे टिपा. धुराची घंटा प्रत्येक मजल्यावर असते. ती दाबून वाजवा आणि वाजल्याचं लिहा. नव्या भाडेकरारात मालकानं पहिल्या दिवशी ती तपासणं बंधनकारक आहे. किती किल्ल्या दिल्या, त्यांचाही फोटो काढा.

चेक-आउटला बघायचं ते हे: आता आहे आणि तेव्हा नव्हतं, असं काय? आणि ते वापरानं आपोआप झालं की कोणी केलं? जिन्यावरचं कार्पेट मधोमध झिजणं, भिंतीचा रंग उन्हानं उतरणं, ही नैसर्गिक झीज. तिचे पैसे कापता येत नाहीत. जळका डाग हे नुकसान. पण तिथेही नव्या कार्पेटची पूर्ण किंमत मागता येत नाही. समजा ६०० पौंडांचं कार्पेट दहा वर्षं टिकेल असं धरलं आणि डाग पडला तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती, तर चार वर्षांचंच मूल्य उरलं, म्हणजे २४० पौंड. हा हिशेब माहीत नसल्यानं मुलं सहाशे पौंड मुकाट्यानं सोडून देतात.

अनामत कायद्यानं भाडेकरूचीच असते, म्हणून कपातीचं कारण सिद्ध करायची जबाबदारी मालकावर येते. पुरावा नसेल तर योजनेचा निवाडा करणारा अधिकारी पैसे भाडेकरूला देतो. तिथला निवाडा फुकट असतो.

सगळ्यात जास्त वाद साफसफाईवरून होतात, आणि त्यातही ओव्हन पहिला. आपल्या मुलांचा खास नंबर म्हणजे हळद. पांढऱ्या ओट्यावर आणि सिंकच्या कडेला पडलेला पिवळा डाग तपासणीला आलेल्या माणसाला दारातून दिसतो. कपड्यावरची हळद उन्हात उडते, ओटा उन्हात नेता येत नाही. सांडल्या सांडल्या पुसा. निघताना व्यावसायिक सफाईची पावती आणा अशी सक्ती करता येत नाही. घर मिळालं होतं तितकंच स्वच्छ करून द्यायचं.

भाडेकरू म्हणून इन्व्हेंटरी हातात पडली तर तीत काय राहिलं ते लिहून, फोटो जोडून, मुदतीच्या आत ईमेलनं परत पाठवा. बहुतेक मुलं ती न वाचता सही करतात, आणि मग वर्षभरानं त्यातल्याच ‘भिंत निष्कलंक’ या ओळीवर पैसे कापले जातात.

८. प्रमाणपत्रं आणि दुरुस्त्या

फाइल लावताना ही नावं पुन्हा पुन्हा भेटतील. गॅसची तपासणी दरवर्षी, गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसाकडूनच. वायरिंगचा अहवाल किमान दर पाच वर्षांनी. ऊर्जा प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं आणि भाड्याच्या घराला साधारणपणे ई किंवा त्यावरची श्रेणी लागते (ए सगळ्यात चांगली, जी सगळ्यात वाईट). वेगवेगळ्या कुटुंबांतली पाच किंवा अधिक माणसं स्वयंपाकघर-बाथरूम वाटून घेत असतील तर मालकाला कौन्सिलचा, म्हणजे स्थानिक नगरपालिकेचा, परवाना लागतो. काही कौन्सिलं तीन-चार माणसांसाठीही मागतात. परवान्याच्या घरात एका प्रौढाची झोपायची खोली ६.५१ चौरस मीटरहून लहान चालत नाही. टेप घेऊन मोजायला लाजू नका.

दुरुस्तीचा फोन आला की निकड ठरवायला शिकाल. गॅसचा वास म्हणजे आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि ०८०० १११ ९९९ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करायला सांगा, एजन्सीचा नंबर त्यानंतर. गरम पाणी नाही, छत गळतंय, दाराचं कुलूप लागत नाही, या गोष्टी त्याच दिवशी पुढे पाठवायच्या.

बुरशीबद्दल मात्र कचेरीत एक ठरलेलं उत्तर ऐकू येतं: ‘खिडक्या उघडा, कपडे आत वाळवू नका.’ कधी ते बरोबर असतं. आपण तासभर कुकर आणि वरण उकळतो, पंखा लावत नाही, आणि पाणी भिंतीवर धरतं. पण कधी गटार फुटलेलं असतं किंवा भिंतीत ओल मुरलेली असते, आणि तेच उत्तर दिलं जातं. रोचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे दगावला. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणाच्या, म्हणजे कौन्सिल किंवा गृहनिर्माण संस्थांच्या कमी भाड्याच्या, घरांना लागू झाला. बुरशीची तक्रार आली तर फोटो मागवा, तारीख टाका, आणि खिडकीचा सल्ला देण्याआधी कोणाला तरी बघायला पाठवा म्हणून आग्रह धरा.

लोकांचे पासपोर्ट आणि बँकेची पानं तुमच्या हातांखालून जातील. त्यांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये काढू नका, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको.

९. निघताना

व्यवस्थापकाकडून शिफारस देण्याची तयारी लेखी घ्या, आणि ती व्यक्ती नोकरी सोडून जाईल हे धरून कचेरीचा सर्वसाधारण ईमेलही ठेवा. सीव्हीवर ‘ग्राहक सेवा’ लिहून भागवू नका. घरांची नोंद केली, अनामतीच्या तारखा सांभाळल्या, दुरुस्तीच्या तक्रारी वर्गवारी करून पुढे पाठवल्या, असं नेमकं लिहा.

न घेतलेल्या रजेचे पैसे शेवटच्या पगारात आले का बघा. पी-४५ मागून घ्या. तो पुढच्या नोकरीत लागतो. एप्रिल ते एप्रिल या करवर्षात १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर सहसा प्राप्तिकर लागत नाही. तरी कापला गेला असेल तर महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून परत मागता येतो, एजंटला टक्केवारी द्यायची गरज नाही.

आणि कौन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरावरच्या स्थानिक कराचं. पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला तो माफ असतो, पण माफी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या तारखेपर्यंतच. शिक्षण संपल्यावर मिळणाऱ्या ग्रॅज्युएट व्हिसावर तुम्ही त्याच घरात राहिलात आणि बाकी सगळे अजून शिकत असले, तर २५ टक्के सूट वजा करून बिल येतं. ते भरायचं कोणी, हे घरातल्यांशी आधीच बोलून ठेवा. कौन्सिल ते विसरत नाही.